रोझेटी घराण्याचे दप्तर

क्रिस्टिना रोझेटी हे नाव इंग्रजी काव्याच्या वाचकांस नवे नाही. १८६२ साली निघालेल्या ‘गॉब्लिन मार्केट’ या संग्रहाने तिला कीर्ती मिळवून दिली. परंतु तिच्या पुष्कळ कविता ती हयात असेतो वह्यांतच राहिल्या. त्या उजेडात कशा आल्या, ही हकिकत तिच्या चरित्राइतकीच मनोवेधक आहे.

सारे घरच लेखणीचे. पिता गॅब्रिएले हा इटालियन कवी. राजकीय मतांपायी परागंदा होऊन तो १८२४ मध्ये लंडनला आला व पुढे किंग्ज कॉलेजात इटालियनचा प्राध्यापक झाला. थोरली मारिया हिने दान्तेवर ग्रंथ लिहिला. दान्ते गॅब्रिएल चित्रकार व कवी म्हणून गाजला. विल्यम मायकेल टीकाकार झाला. १८३० साली जन्मलेली क्रिस्टिना हे शेंडेफळ. आईचे वडील गाएतानो पोलिडोरी यांच्या घरी छापखाना होता. नात सोळा वर्षांची असताना, १८४७ मध्ये, तिच्या कवितांचे पहिले पुस्तक त्यांनी तेथेच छापले.

तिच्या वह्या मात्र १८४२ पासूनच्या आहेत. सुरुवातीच्या वह्यांत अक्षर बहुतेक मारियाचे. कवितांखाली तारखा घातलेल्या असल्याने तिच्या प्रतिभेची वाटचाल आज पानोपानी दिसते.

भावाबहिणींच्या स्वभावांतील अंतरही या कागदांतून कळते. १८६२ मध्ये पत्नी वारली तेव्हा दान्ते गॅब्रिएलने आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. सात वर्षांनी थडगे उघडून ती बाहेर काढविली आणि १८७० साली संग्रह प्रसिद्ध केला. क्रिस्टिनाने मनातले लिहिले ते ठेवून दिले. दान्तेचा अनुवादक चार्ल्स केली याच्यावर तिचे प्रेम होते. तरीही धर्मश्रद्धा जुळत नाही म्हणून १८६६ मध्ये तिने त्यास नकार दिला. स्नेह मात्र अखेरपर्यंत राहिला. या प्रेमाच्या इटालियन कविता तिने कोणास दाखविल्या नाहीत. १८९४ च्या डिसेंबरात ती निवर्तली, तेव्हा त्या तिच्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात सापडल्या.

सापडल्या त्या विल्यमला. जवळजवळ पन्नास वर्षे सरकारी करखात्यात नोकरी केलेला हा भाऊ घरातला कागदन् कागद जपणारा. १८९६ मध्ये त्याने बहिणीच्या अप्रकाशित कविता छापल्या, १९०४ मध्ये समग्र काव्य टिपणांसह संपादिले. जे तिने खणात ठेवले, ते जगापुढे मांडण्याचा त्याला अधिकार होता काय? तिच्या संकोची वृत्तीकडे पाहता ‘होय’ म्हणताना जीभ अडखळते. पण तिने ते कागद जाळले नव्हते, हेही ध्यानी घ्यावे लागते. चित्रकाराच्या दालनात टांगलेल्या, एकाच स्त्रीच्या अनेक चित्रांवरचे तिचे १८५६ मधील सुनीत आज सर्वतोमुखी आहे. तेही विल्यमनेच प्रथम छापले.

तिच्या बहुतेक वह्या आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विल्यमच्या मुलीकडे व नातीकडे राहिलेली कुटुंबाची कागदपत्रे कॅनडात, व्हँकूव्हरच्या विद्यापीठात पोहोचली आहेत. वह्या ताडून पाठभेदांसह सिद्ध केलेली तिच्या काव्याची त्रिखंडात्मक आवृत्ती १९७९ ते १९९० या काळात निघाली.

आपल्याकडील जुन्या वाड्यांतही रुमालांत बांधलेली दप्तरे असतात. कवी घरात एखादाच निपजतो. पण त्याच्या मागे कागद झटकून, तारखा लावून ठेवणारा विल्यम नसेल, तर कवी होऊन गेला हेही पुढच्या पिढीस कळत नाही.