आकडा पाच हजारांचा, आवाज किती?

पांढुर्णा आणि सौसर ही नावे आपल्या भागात फारशी कुणाच्या कानावर नसतील. नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पांढुर्णा लागते. सौसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, पण हे दोन तालुके मागेच राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात हे दोन्ही आले. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, असा तिकडचा रिवाज. आपल्याकडे हिंदीच्या जागी कन्नड. तेव्हा तिकडच्या घरातली अडचण आपल्याला परकी वाटू नये.

माझी मामेबहीण सौसरला दिली आहे. (सासर सौसर, हा विनोद लग्नातच सगळ्यांचा करून झाला.) गेल्या वर्षी तिच्याकडे होम थिएटरचा घाट घातला गेला. कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर दिराने नागपूरहून आणून ठेवलेच होते आणि ते एका जुन्या, बाजारात जुळवलेल्या ॲम्प्लिफायरवर चालत होते. आता नवा कोणता घ्यायचा? दुकानदार म्हणे, ५००० वॉटचा घ्या. शेजारी म्हणे, एवढ्याने स्पीकर जळतील. सासूबाईंची तक्रार मात्र तिसरीच होती. "गाणं लागलं का घर हालते, अन् माणसं बोलू लागली का काई आयकू येत नाई." निपाणी-बेळगावकडची आजी हेच "केळसवल्दु" एवढ्या एका शब्दात सांगते.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या घरातली मुले मराठी शाळेत जात नाहीत, त्यांच्या कानावर घराबाहेरची मराठी पडते ती बरीचशी पडद्यावरूनच. संवाद कळेनासे झाले की मुले रिमोट उचलून हिंदी चित्रपटाकडे वळतात, आणि आजी उठून आत जाते.

मी भाषेचा मास्तर, विजेचा नव्हे. पण कॉलेजातले फिजिक्सचे सहकारी आणि गावातला रेडिओ दुरुस्तीवाला यांच्याजवळ बसून जे समजले ते सांगतो.

आधी त्या ५००० वॉटचा निकाल लावू. खोक्यावर त्या आकड्यापुढे बहुधा 'पीएमपीओ' असे छापलेले असते. क्षणभराच्या उसळीचा हा हिशेब. तो कसा मोजायचा याचे कुठलेही सर्वमान्य माप नाही, म्हणून ज्याला जो आवडेल तो आकडा छापतो. पाहायचा तो 'आरएमएस', म्हणजे सतत देता येणारी ताकद. तोही नसेल तर यंत्र उलटे करून मागची पाटी वाचा. वीज किती खाते ते तिथे लिहिलेले असते. तो आकडा साधारण वापराचा असतो, थोडे मागेपुढे धरावे. पण भिंतीतून ६० वॉट घेणारे यंत्र स्पीकरला सतत ५००० वॉट देईल, हे गणित कुठल्याच शाळेत सुटणार नाही. स्वस्त सेटांत आणि गल्लीत जुळवलेल्या ॲम्प्लिफायरांत वर्षानुवर्षे दिसणारी सान्यो कंपनीची 'एलए ४४४०' ही चिप घ्या. ती मुळात मोटारीतल्या टेपसाठी होती आणि दोन बाजूंना मिळून ६ अधिक ६ वॉट देते. तेवढ्यावर कित्येकांच्या वराती नाचल्या आहेत!

मग घरासाठी किती लागतात? आपल्याला वाटते त्याहून फार कमी. बऱ्याच स्पीकरांच्या पत्रकात '८८ डेसिबल' अशी नोंद असते. अर्थ असा, की एक वॉट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. आपले साधे बोलणे ६० च्या आसपास असते. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वॉट लागतात आणि १० डेसिबलने वाढवायला दहापट. कानाला मात्र ती दहापट जेमतेम दुप्पट वाटते. म्हणून ५० वॉटऐवजी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला तरी कमाई ३ डेसिबलचीच. तीच कमाई ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतल्यावर होते. पैसे आधी स्पीकरमध्ये घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत खरे ४०-५० वॉट पुष्कळ झाले.

शेजाऱ्याची भीती अर्धी खरी. मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळू शकतो, पण लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला तरीही जळतो. ताकद संपली की आवाजाच्या लहरींची टोके कापली जातात आणि त्या फाटक्या आवाजाचा जाच मुख्यतः बारीक सूर काढणाऱ्या ट्वीटरला होतो. आवाज चिरका झाला की बटण मागे घ्यावे.

दुसरी खूण ओहमची. स्पीकरमागे ८, ६ किंवा ४ ओहम लिहिलेले असते. ओहम जितके कमी, तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त. स्वयंपाकघरातही गाणी हवीत म्हणून ८ ओहमच्या स्पीकरच्याच तारांवर आणखी एक ८ ओहमचा स्पीकर जोडला, की बेरीज सोळा होत नाही, चार होते. पुष्कळ घरगुती यंत्रे ६ ते ८ ओहमसाठीच बनवलेली असतात. ती तापतात, मध्येच बंद पडतात, आणि शिव्या कंपनीला बसतात. मंडपवाल्याचा अहुजा घरी आणण्याचा मोहही टाळावा. ते यंत्र भक्कम, पण लांब तारांवर भोंगे वाजवण्याचे त्याचे काम वेगळे.

आता सासूबाईंच्या तक्रारीकडे. १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज चित्रपटगृहात आला, मग घरात. त्यात समोर तीन, मागे दोन आणि खर्जाचा एक असे सहा आवाज असतात. पात्रांचे बोलणे बहुतांशी समोरच्या मधल्या स्पीकरमधून येते. सौसरच्या घरी प्लेअरच्या मागे सहा जागा होत्या, त्यांतल्या डाव्या-उजव्या अशा दोनच जोडलेल्या, आणि प्लेअर मात्र ५.१ वर लावलेला. म्हणजे संवाद ज्या तारेतून यायचे ती तारच नव्हती! सेटिंग 'स्टिरिओ'वर आणताच माणसे बोलू लागली. खर्च शून्य. पुढे मधला स्पीकर घेतला तर तो शक्यतो बाजूच्या दोघांच्याच घराण्यातला घ्यावा, आणि रिसीव्हरमध्ये त्याचा आवाज दोन-तीन डेसिबल चढवावा. रात्री पाहायचे असेल तर बहुतेक रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो. तो धमाके दाबतो आणि कुजबुज वर आणतो.

रिसीव्हरच्या पत्रकातही पळवाटा असतात. '५ × १०० वॉट' असे ठळक अक्षरांत लिहायचे आणि खाली बारीक अक्षरांत सांगायचे, की मोजताना एक किंवा दोनच स्पीकर चालू होते. अमेरिकेत अशा जाहिरातींना १९७४ पासून सरकारी नियम आहे आणि २०२४ मध्ये तो सुधारून अधिक कडक केला. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम' असे सविस्तर लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवावा. '१ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन' लिहिणाऱ्याचा आकडा निम्मा धरावा. खर्जाचा सबवूफर स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात असलेला घेतला तर मुख्य यंत्राचे ओझे बरेच हलके होते.

कन्नडमध्ये ऐकणे आणि विचारणे या दोहोंना 'केळु' हे एकच क्रियापद आहे. दुकानात दोन्ही करावे. ऐकायला आपल्या ओळखीचाच चित्रपट न्यावा. 'सैराट' (२०१६) मधला वाद्यवृंद थेट हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता, आणि त्याचाच कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' (२०१७) आपल्याकडच्या अनेक घरांनी पाहिलेला आहे. गाण्यांवर भाळू नये. गर्दीतला संवाद लावावा, आवाज निम्म्यावर ठेवावा आणि शब्द सुटतात का ते पाहावे. जमल्यास घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्यावे.

घरी आणल्यावर यंत्राला वरून चार बोटे तरी मोकळी जागा हवी. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग घ्यावे. अर्थिंगमध्ये गोंधळ असला की आवाजामागे सारखी घरघर येत राहते. आणि टीव्हीवर घालतो तसा क्रोशाचा रुमाल ॲम्प्लिफायरवर घालू नये. त्याची उष्णता वरच्या जाळीतूनच बाहेर पडते.