भिंत पाहुण्यांसाठी नको, पोरांसाठी रंगवा

मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा, दोन्हींचा मुहूर्त आपल्याकडे एकाच सुमाराला येतो. राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा. नेमके तेव्हाच तुम्ही बियाणे, खत आणि तिफण यांच्या मागे असता. मग शाळेच्या खोलीकडे बघणार कोण? दीड महिना कुलूपबंद राहिलेली खोली पहिल्या दिवशी सकाळी उघडायची, चौथीच्या दोन पोरांकडून झाडून घ्यायची, पताका आणि फुगे बांधायचे, गुलाबाचे फूल देऊन प्रवेशोत्सव उरकायचा. बऱ्याच गावांत असेच चालते.

वाचकहो, बी टाकण्याआधी तुम्ही नांगरट करता, ढेकळे फोडता, काडीकचरा वेचता. मशागतीशिवाय पेरणारा शेतकरी गावात हसण्यावारी जातो. मग सहा वर्षांचे पोर पहिल्यांदा ज्या खोलीत पाऊल टाकणार, तिची मशागत नको का? पहिल्या आठवड्यात पोराला खोली आवडली तर ते रमते, नाही आवडली तर आईचा पदर सोडत नाही. त्यात तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज गावात येते, म्हणून आपल्या शाळेचा पट टिकवायचा प्रश्नही आहेच. त्यासाठी गावोगाव वर्गणी काढून भिंती रंगवल्या जातात. हेतू चांगला आहे. पण रंग कशासाठी आणि कोणासाठी, हे आधी ठरवले पाहिजे.

आधी छप्पर, मग रंग

कामाचा क्रम चुकवू नका. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाची एखादी सर येऊन गेली की, खोलीत जाऊन वर बघा. ओल कुठे उतरली ते तेव्हाच दिसते. कौलारू शाळा असेल तर कौले चाळून घ्या, फुटलेली बदला. स्लॅब असेल तर वरचा पालापाचोळा काढा आणि पाणी जायची नळी मोकळी करा. शाळेची गळती बहुतेकदा त्या तुंबलेल्या नळीपासूनच सुरू होते. ओल्या भिंतीवर रंग दिला तर श्रावणापर्यंत पोपडे निघतात आणि वर्गणी पाण्यात जाते.

बंद खोलीत विंचू-काटा, साप, गांधीलमाशीचे पोळे असू शकते. म्हणून साफसफाई मोठ्या माणसांनी करावी, पोरांना पाठवू नये. कपाटातली पुस्तके पावसाआधी एक दिवस उन्हात घाला. वाळवी लागलेली असेल तर तेव्हाच कळेल.

आणि तो कोपरा! जवळजवळ प्रत्येक शाळेत मोडकी बाके, गंजलेली पत्र्याची पेटी, फुटका नकाशा असा एक ढीग असतो. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे म्हणून गुरुजी त्याला हात लावत नाहीत. त्यांचेही खरे आहे, पण त्यावर निर्लेखनाचा रीतसर मार्ग आहे. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून प्रस्ताव वर पाठवावा. पोषण आहाराच्या तांदळाची पोती वर्गात रचलेली असतील तर तीही हलवा. पोत्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे काय येते ते तुम्हांला सांगायला नको.

चुना द्यायचा असेल तर तो आधल्या दिवशी नीट विझवून घ्या. विझवताना डोळे सांभाळा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. जुना ऑइलपेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, हे लक्षात ठेवा.

फळा खाली बसून बघा

रंगकामाला लागण्याआधी एक सोपे काम करा. पहिलीचे पोर जिथे बसते तिथे स्वतः मांडी घालून बसा आणि फळ्याकडे बघा. खिडकीच्या उजेडाने फळा चमकतो का? कोपऱ्यातून अक्षर दिसते का? फळ्याला साधा ऑइलपेंट मारला तर तो तकाकतो आणि खडूही घसरतो. फळ्यासाठी न चमकणारा खास रंग मिळतो, तोच आणा. पोरांची बैठक अशी ठेवा की उजेड डाव्या बाजूने येईल. बहुतेक पोरे उजव्या हाताने लिहितात, त्यामुळे हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्या पोराला मात्र जागा निवडू द्या.

दुसरी गोष्ट उंचीची. सहा वर्षांचे पोर साधारण पावणेचार फुटांचे. गुरुजींच्या उंचीला लावलेल्या फळ्याच्या निम्म्या भागापर्यंतही त्याचा हात पोचत नाही. म्हणून भिंतीच्या खालच्या अंगाला, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर सुरू करून चार फुटांपर्यंत, काळ्या रंगाचा लांब पट्टा ओढून घ्या. तो पोरांचा फळा. चेन्नई महापालिकेच्या शाळांत २००३ पासून आणि पुढे तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत कृतीतून शिकण्याची पद्धत आली, तेव्हा असेच बुटके फळे भिंतीभर केले गेले. खर्च थोडा आहे. पाटी फुटली, वही संपली, तरी या भिंतीवर रोज लिहिता येते, आणि कोण कुठे अडले ते गुरुजींना एका नजरेत कळते.

भिंत किती भरायची?

आता मुद्द्याचे. पेंटर बोलावला की तो विचारतो, काय काढू? आपण म्हणतो, काढा काहीतरी छान. मग धबधबा, मोर, आगगाडी, सुविचार, राष्ट्रीय नेते, सूर्यमाला, बाराखडी, सगळे एका खोलीत येते. पाहुणे येतात, फोटो काढतात, वा म्हणतात. आणि पोर?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी याचीच परीक्षा घेतली. २०१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवर्गातल्या २४ मुलांना सहा छोटे धडे शिकवले. काही धडे चित्रे-तक्त्यांनी गच्च भरलेल्या खोलीत, तर काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ लक्ष भटकण्यात गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. धड्यानंतरच्या चाचणीत मोकळ्या खोलीत ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, भरलेल्या खोलीत ४२ टक्केच. अभ्यास लहान आहे, आणि भिंती कोऱ्या ठेवा असाही त्याचा अर्थ नाही. पण दाट पेरलेले पीक जसे खुरटते तसे भिंतीचेही होते, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

म्हणून फळ्याची भिंत मोकळी ठेवा. पोरांची नजर दिवसभर तिथेच असते, तिथे मोर नाचायला नको. बाकीच्या भिंतींवर चालू महिन्यात जे शिकवायचे तेवढेच लावा. शिकवून झाले की उतरवा, दुसरे चढवा. त्यासाठी कायमचा रंग नको, दोन खिळ्यांमध्ये ताणलेली सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात. पावसाळ्यात चिकटपट्टी ओलीने सुटते, चिमटा सुटत नाही. आणि एक पूर्ण भिंत रिकामी सोडा. ती पोरांनी काढलेल्या, लिहिलेल्या कागदांसाठी. त्यावर फक्त हुशार पोरांचेच नको, सगळ्यांचे लागले पाहिजे.

तक्ता घेताना

बाजारातल्या तक्त्यावर अ अननसाचा असतो. अननस किती पोरांनी झाडाला लागलेला पाहिला आहे? आपल्या अंगणातला अळू चालत नाही का? क कणसाचा, ख खुरप्याचा, ढ ढेकळाचा, त तिफणीचा, न नांगराचा, व विळ्याचा करा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे गुरुजी, बाई किंवा गावातली एखादी सुवाच्य अक्षराची मुलगी असा तक्ता एका दुपारी करील.

विकतचा घ्यायचाच असेल तर तपासून घ्या. पुष्कळ तक्त्यांवर ल आणि श हिंदी वळणाचे असतात, पोराच्या पुस्तकात मराठी वळणाचे. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर मराठी वर्णमालेत घेतले, तरी ते नसलेले तक्ते अजून टांगलेले दिसतात. पुस्तक एक सांगते, भिंत दुसरे. पोराने विश्वास कोणावर ठेवायचा?

फरशी आणि गावातले सामान

आपल्याकडे दोन गुरुजी आणि चार वर्ग ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. गुरुजी एका वर्गाला शिकवतात तेव्हा दुसऱ्याने काय करायचे? इथे फरशी उपयोगी पडते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी फरशीवरच आखणी करून पोरांना आकडे, शब्द, आकृत्यांशी खेळायला दिले. ते बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊन आले. तुम्हीही एका कोपऱ्यात एक ते शंभरचा चौकोनी पट आखून घ्या. वहाणा बाहेर काढायची सवय असली की रंग टिकतो.

साहित्यासाठी शहर गाठायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पोरांसाठी त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने हेच साधन केले. चिंचोके, सागरगोटे, ज्वारीच्या धाटांचे तुकडे तुमच्याकडे आहेतच. दहा-दहा धाटांची जुडी बांधली की दशक समजावायला दुसरे काही लागत नाही. धाटे मात्र नीट सोलून, धार काढून द्या. आणि चिंचोके-बिया मोजून डब्यात ठेवा, लहान पोरे नाकात-कानात घालतात.

काम कोणी करायचे?

सगळे गुरुजींवर सोडू नका. मे-जूनमध्ये बदल्या होतात, जुने गुरुजी गेलेले आणि नवे यायचे असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या महिला. म्हणजे ही समिती तुमचीच आहे. शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे कामच आहे. समग्र शिक्षा योजनेतून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान येते. त्यातले किती आले, कशावर गेले, हे बैठकीत विचारा. विचारण्यात भांडण नाही.

वाटणी अशी करता येईल. छप्पर आणि भिंतीचे काम तरुण मंडळाने पेरणीआधीच्या एका रविवारी श्रमदानाने उरकावे. फळ्याचा रंग आणि पट्टा गावातल्या रंगाऱ्याकडे द्यावा. तक्ते आणि बियांचे डबे बचत गटाच्या भगिनींनी बघावेत. सुताराने सुटलेल्या बिजागऱ्या आणि दाराची कडी ठोकून द्यावी. कोठे काय लावायचे, हा शब्द मात्र गुरुजींचा आणि बाईंचा.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी तुम्ही शाळेत जालच. पेढा घेऊन परत फिरण्याआधी वर्गात डोकावा. बुटक्या फळ्यावर खडूची अक्षरे आहेत का, सुतळीवर जूनचाच तक्ता लोंबतो आहे की नवा आला, पोरांच्या भिंतीवर तुमच्या पोराचा कागद आहे का, एवढे तीनच बघा. नसेल तर तिथेच गुरुजींशी बोला. वर्ष तेव्हा नुकतेच सुरू झालेले असते, वेळ गेलेली नसते.