जित्याची खोड आणि मोबाईलवरचा चोर



उसाचे बिल आता थेट बँक खात्यात जमा होते आणि त्याचा निरोप मोबाईलवर येतो. ही सोय झाली खरी, पण त्याच वाटेने चोरही घरात शिरला आहे. हा चोर कुलूप तोडत नाही, पावलाचा ठसा मागे ठेवत नाही. म्हणून बरेच जण म्हणतात, "गेलं ते गेलं, आता कुठं सापडायचं?" आणि तक्रारच करीत नाहीत. असा न दिसणारा चोर ओळखण्याची एक रीत तपास खात्यांकडे आहे. ती आपल्यालाही माहीत असावी.

रीत तशी आपल्या ओळखीचीच आहे. कोवळ्या उसाचा पोंगा वाळला, ओढल्याबरोबर हातात आला आणि त्याला घाण वास आला, तर आपण खोडकिडा म्हणतो. पाने पिवळी पडून अख्खे बेटच उपटून आले, तर हुमणी. कीड डोळ्यांनी पाहिलेली नसते. नुकसानीच्या तऱ्हेवरून आपण ती ओळखतो आणि मगच कुठे उकरायचे ते ठरवतो. करणीवरून करणाऱ्याचा असा अंदाज बांधण्याला प्रोफायलिंग म्हणतात. आपण त्याला गुन्हेगाराचे स्वभावचित्र म्हणू.

न्यूयॉर्कचा बॉम्बवाला

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्क शहरात 1940 पासून एक इसम बॉम्ब ठेवीत असे आणि वीज कंपनीला शिव्या देणारी पत्रे लिहीत असे. तीसच्या वर बॉम्ब झाले, माणूस सापडेना. 1956 साली पोलिसांनी जेम्स ब्रसेल या मानसोपचारतज्ज्ञाला पत्रे दाखवली. अक्षर टापटिपीचे, भाषा परक्या वळणाची आणि राग एकाच कंपनीवर. त्यावरून त्यांनी सांगितले की, हा मध्यम वयाचा, अविवाहित, नातेवाइकांजवळ राहणारा, पूर्व युरोपीय वंशाचा आणि कंपनीशी जुने भांडण असलेला माणूस असावा.

पण नुसत्या चित्राने काम झाले नाही. वीज कंपनीतल्या ॲलिस केली या बाईंनी नुकसानभरपाईच्या जुन्या फायली चाळल्या, तेव्हा एका कामगाराच्या अर्जात बॉम्बवाल्याच्या पत्रांतलेच शब्दप्रयोग सापडले. जानेवारी 1957 मध्ये जॉर्ज मेटेस्की पकडला गेला. दोन बहिणींबरोबर राहणारा, लग्न न केलेला माणूस! चित्राने दिशा दाखवली. चोर सापडला तो जपून ठेवलेल्या कागदात.

इंटरनेटवरचा चोरबाजार

आता नव्या काळातले प्रकरण पाहू. 2011 साली 'सिल्क रोड' नावाचा बाजार इंटरनेटवर सुरू झाला. तेथे मुख्यतः अमली पदार्थ विकले जात. व्यवहार बिटकॉइनमध्ये, आणि घेणारा-देणारा कोण ते कळू नये अशी यंत्रणा. चालक स्वतःला 'ड्रेड पायरेट रॉबर्ट्स' म्हणवीत असे.

नाव झाकले, पण खोड झाकली नाही. त्याच्या निरोपांतून दिसे की तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे वागतो. अर्थशास्त्रातल्या एका विशिष्ट विचारपंथाचा तो पुन्हा पुन्हा दाखला देई. इकडे गॅरी आल्फर्ड या कर खात्याच्या तपासनिसाने साधा विचार केला की, नवा दुकानदार पहिली जाहिरात स्वतःच करणार. म्हणून त्याने बाजार सुरू झाला त्या काळातला जुना मजकूर धुंडाळला. 'ऑल्टॉइड' नावाने कोणीतरी या बाजाराची वाच्यता केलेली सापडली. त्याच ऑल्टॉइडने काही महिन्यांनी नोकर हवा म्हणून लिहिले होते, आणि खाली स्वतःचा खरा ईमेल पत्ता दिला होता! तो रॉस उलब्रिख्ट याचा होता. तो राहात होता सॅन फ्रान्सिस्कोला, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर, आणि त्याच विचारपंथाचा चाहता.

1 ऑक्टोबर 2013 रोजी तेथील वाचनालयात, लॅपटॉप उघडा असतानाच, त्याला पकडले. 2015 मध्ये त्याला जन्मठेप झाली. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली.

तपासात काय पाहतात?

1) वेळ : चोर कोणत्या तासाला जागा असतो, कोणत्या दिवशी थांबतो.
2) भाषा : ठरावीक शब्द, ठरावीक चुका, बोलण्याची धाटणी.
3) सावज : म्हातारी माणसे, नोकरी शोधणारी मुले की नुकतेच पैसे जमा झालेले खातेदार.
4) पद्धत : भीती दाखवतो की लालूच, आणि कोणत्या क्रमाने.
5) पैशाची वाट : कोणत्या खात्यांतून फिरवतो, कुठे काढतो.

चोर सिमकार्ड रोज बदलेल, पण या पाच गोष्टी सहज बदलत नाहीत. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

अंदाज म्हणजे पुरावा नव्हे

1992 साली लंडनच्या विम्बल्डन कॉमन या मैदानावर एका तरुण आईचा खून झाला. पोलीस एका मानसशास्त्रज्ञाच्या स्वभावचित्रावर विसंबून एकाच माणसाच्या मागे लागले. 1994 मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा फेटाळला आणि तो माणूस सुटला. खरा गुन्हेगार दुसराच होता. त्याने 2008 मध्ये कबुली दिली. पाने पिवळी दिसली म्हणून हुमणीच, असे धरून चालत नाही. मुळाशी उकरून बघावेच लागते. गावातल्या कुणावर नुसत्या संशयाने बोट ठेवणे म्हणूनच वाईट.

सभासदांनी काय करावे?

एका तक्रारीतून चोराची खोड दिसत नाही. पन्नास तक्रारी शेजारी ठेवल्या की दिसते. आपण लाजेने गप्प बसलो, तर त्या चित्रातला तेवढा तुकडा कायमचा गळतो.

पैसे गेले की लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून मिनिटामिनिटाला किंमत आहे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. आपल्या बँकेलाही कळवावे. आणि मुख्य म्हणजे, रागाच्या भरात चोराचे निरोप पुसून टाकू नयेत. त्याचा नंबर, पाठवलेला मजकूर, फोनची वेळ, बँकेचा संदेश, सारे जसेच्या तसे ठेवावे. फोन हाताळता येत नसेल तर पोरा-नातवंडांकडून त्याची छायाचित्रे काढून घ्यावीत.

बॉम्बवाला जुन्या फायलीत सापडला, चोरबाजारवाला जुन्या मजकुरात. आपला चोर कदाचित आपल्याच मोबाईलमध्ये नोंदलेला असेल. ती नोंद जपा आणि वेळेवर पोलिसांच्या हाती द्या.