स्वतःला कापणारा आरएनए

हिपॅटायटिस डी या यकृताच्या विषाणूचा जीनोम म्हणजे जेमतेम १,७०० न्यूक्लिओटाइडांचा वर्तुळाकार आरएनए. आपल्या पेशीतली यंत्रणा या वर्तुळाभोवती फिरत त्याची नक्कल करते, तेव्हा एकामागून एक जोडलेल्या प्रतींची लांबच लांब साखळी तयार होते. ती नेमक्या जागी तुटली तरच एकेक प्रत सुटी होते. हे काम कुठलेही प्रथिन करत नाही. त्याच साखळीतला सुमारे ८५ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा स्वतःला कापतो. अशा आरएनए-विकराला रायबोझाइम म्हणतात. आरएनए उत्प्रेरकाचे काम करतो, हे दाखवल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता कापण्याची क्रिया पाहू. आरएनएच्या कण्यात शर्करा आणि फॉस्फेट आलटून-पालटून येतात. प्रत्येक शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएत तो नसतो. या गटातला ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फरसशी बंध जोडतो आणि फॉस्फरसचा पलीकडच्या शर्करेशी असलेला बंध तुटतो. मात्र दोन अडचणी आहेत. हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन कुणी काढून घेतला तरच त्याचा ऑक्सिजन जोमाने पुढे सरकतो. आणि पलीकडच्या ऑक्सिजनवर ऋण भार साठत असताना त्याला कुणी प्रोटॉन दिला तरच तो सहज सुटतो. म्हणजे एक घेणारा हवा, एक देणारा हवा. आरएनए कापणाऱ्या ‘आरएनएझ ए’ या प्रथिनात ही कामे दोन हिस्टिडीन करतात. पेशीचा सामू सातच्या आसपास असतो आणि त्या सामूला हिस्टिडीन प्रोटॉन घेऊही शकते, देऊही शकते.

आरएनएकडे हिस्टिडीन नाही. आहेत ते ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि युरासिल हे चार बेस. त्यांतल्या मोकळ्या सायटोसिनच्या निम्म्या रेणूंवर प्रोटॉन बसलेला दिसतो तो ४.२ च्या आसपासच्या सामूला. सामू सात असेल, तर हजारांत एक-दोन रेणूंवरच प्रोटॉन उरतो. असा देणारा काय कामाचा?

उत्तर रेणूच्या घडीत आहे. हा आरएनए स्वतःभोवती गुंतत गाठी मारतो आणि त्या घडीत ७५ वा सायटोसिन थेट कापायच्या जागेपाशी येतो. तिथे फॉस्फेटचे ऋण भार जवळच असल्याने धन भाराचा प्रोटॉन त्या सायटोसिनवर टिकून राहतो. निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असण्याचा सामू ४.२ वरून सहाच्या थोडा वर सरकतो. आता सात सामूलाही दहांतले एक-दोन रेणू प्रोटॉन घेऊन सज्ज असतात. प्रोटॉन घेण्याच्या बाजूला मॅग्नेशियमचा आयन हातभार लावतो.

हे कळले कसे? १९९९ मध्ये मायकेल बीन यांच्या गटाने या रायबोझाइमच्या जोडरूपात, म्हणजे जीनोमच्या पूरक साखळीतल्या रायबोझाइममध्ये, या जागेचा सायटोसिन बदलून युरासिल घातला. कापणे मंदावले. मग द्रावणात इमिडाझोल टाकले, म्हणजे हिस्टिडीनच्या कडेला जे वलय असते तेच, आणि क्रिया पुन्हा सुरू झाली. तेव्हा त्यांचे अनुमान होते की सायटोसिन प्रोटॉन घेतो. पुढच्याच वर्षी फिलिप बेव्हिलाक्वा यांच्या गटाने, तो देतो, असे मांडले. २००५ मध्ये जोसेफ पिचिरिली यांच्या प्रयोगाने कौल दिला. त्यात सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवले होते. गंधक प्रोटॉनच्या मदतीशिवायही सहज सुटते. अशा रेणूत ७५ वा सायटोसिन बदलला तरी कापणे जवळपास अबाधित राहिले. देणाऱ्याची गरज संपताच सायटोसिनचीही गरज संपली, म्हणजे देणारा तोच.

इतर छोट्या रायबोझाइमांत पात्रे बदलतात. तंबाखूवरच्या एका विषाणूसोबत आढळणाऱ्या हेअरपिन रायबोझाइममध्ये आठवा ग्वानिन आणि ३८ वा ॲडेनिन मिळून ही देवाणघेवाण साधतात. त्यांना धातूचा आयन थेट भाग घ्यायला लागत नाही. २०१४ मध्ये सापडलेल्या ट्विस्टरमध्ये ॲडेनिन सहसा निष्क्रिय राहणाऱ्या नायट्रोजनवरून प्रोटॉन देतो.

म्हणून आरएनएचा नुसता क्रम वाचून भागत नाही. एरवी निव्वळ माहिती वाहणारा तोच बेस योग्य घडीत, योग्य शेजाऱ्यांत बसला की विकराचे काम करतो. जीवनाच्या आरंभी माहिती आणि रसायन ही दोन्ही कामे एकच रेणू सांभाळत असावा, या कल्पनेला त्यातून भक्कम आधार मिळतो.