टाकळा आणि त्याचा भाऊबंद



मृगाच्या सरी पडून पंधरवडा लोटला, कीं रस्त्याच्या कडेस, उकिरड्यावर, पडक्या भिंतींच्या आश्रयानें टाकळा दाट उगवून येतो. त्यास कोणी पेरीत नाहीं, कोणी राखीत नाहीं. शहरांतील गृहस्थ त्याला तण समजून तुडवीत जातो. कोंकणांतील गृहिणी मात्र त्याची वाट पाहत असते. परसांतील भाज्या अद्याप हातीं आलेल्या नसतात. अशा वेळीं टाकळ्याचीं कोंवळीं पानें चिरून, लसूण-मिरचीच्या फोडणींत शिजवून, वर ओलें खोबरें घातलें, कीं एक वेळची भाजी विनाखर्च होते. झाड फुलावर आलें, कीं पान जून व राठ होतें. मग ती भाजी करूं नये.

संस्कृतांत टाकळ्यास चक्रमर्द व दद्रुघ्न अशीं नांवें आहेत. दद्रु म्हणजे गजकर्ण. त्याचा नाश करणारा तो दद्रुघ्न. त्याचें बी लिंबाच्या रसांत वाटून गजकर्णावर लावण्याची चाल जुनी आहे. गजकर्ण हा बुरशीचा रोग. आणि या बियांतील एका द्रव्यानें बुरशीची वाढ खुंटते, असें प्रयोगशाळेंतही आढळलें आहे. मात्र कातडी सोलवटलेली असल्यास, किंवा चट्टा पसरत चालल्यास, घरगुती लेपावर विसंबून न राहतां डॉक्टरांकडे जावें.

आतां दुसरी बाजू. टाकळ्याच्याच शेजारीं, तशाच पिवळ्या फुलांचा, त्याचा एक भाऊबंद उभा असतो. त्याचें नांव कासविंदा. कित्येक ठिकाणीं त्यास रानटाकळाच म्हणतात. पश्चिम उत्तर प्रदेशांत शरद ऋतु आला, कीं धडधाकट मुलें एकाएकीं ओकूं लागत, बेशुद्ध होत आणि त्यांतील पुष्कळ दगावत. हा विषाणूजन्य मेंदूज्वर असावा, असा समज पुष्कळ वर्षें होता. बिजनौर जिल्ह्यांतील मुलांचा शोध घेतल्यावर, २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें या रोगाचा संबंध कासविंद्याच्या बियांशीं जोडला. खेळतां खेळतां शेंगा सोलून मुलांनीं त्या कच्च्या खाल्ल्या होत्या. त्या विषानें यकृत, स्नायु आणि मेंदू हीं तिन्ही बिघडतात.

हे दोघे ओळखावे कसे? टाकळ्याच्या पानांत दलांच्या बहुधा तीन जोड्या असतात व दलाचें टोंक गोलसर असतें. शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वांकडी असते. कासविंद्यांत चार ते सहा जोड्या, टोंक अणकुचीदार, शेंग चपटी. पान चुरगाळल्यास उग्र दुर्गंधि येते. ज्यास हा भेद खात्रीनें सांगतां येत नाहीं, त्यानें रोपास हात न लावतां जाणत्या भाजीवालीकडूनच जुडी घ्यावी.

मुलांना फुलझाडांचीं नांवें आपण हौसेनें शिकवितों. त्यांबरोबर अंगणाबाहेरच्या या दोन तणांचीही ओळख करून द्यावी, आणि कोणतीही रानशेंग विचारल्यावांचून तोंडांत घालूं नये, एवढें त्यांस बजावून सांगावें.