जहाजाचे माजघर

सागरी सहलीचे तिकीट काढावयास निघालेल्या बेताच्या ऐपतीच्या गृहस्थापुढे जेव्हा दरपत्रक ठेवले जाते, तेव्हा त्याची दृष्टी प्रथम ज्या रकान्यावर ठरते आणि संकोचाने लगेच ज्यावरून सरकते, तो रकाना बहुधा सर्वांत खालचा असतो. ‘इनसाइड केबिन’, म्हणजे आतली खोली. खिडकी नाही, गॅलरी नाही, चारही बाजूंना भिंती, आणि भाडे सर्वांत कमी. समुद्र पाहण्यासाठीच हा खर्चवेच करावयाचा, तर मग समुद्राकडे पाठ फिरवलेल्या खोलीत पैसे कशाला घालवायचे, असे घरातले कोणीतरी विचारते, आणि मग मंडळी एक तर अंथरूण न पाहता पाय पसरतात किंवा सहलीचा बेतच रहित करतात. हे दोन्ही निर्णय मला दुःखदायक वाटतात, कारण माझ्या अनुभवाप्रमाणे ही आतली खोली, नीट पारखून घेतली तर, सामान्य माणसाला समुद्राचा सहवास मिळवून देणारी सर्वांत सरळ वाट आहे.

जहाजाच्या पोटात अशा खोल्या का असतात हे ध्यानात आले म्हणजे अर्धा संकोच आपोआप नाहीसा होतो. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांमधली वाट 33.5 मीटर रुंद. तीतून जावयाचे तर जहाजाची रुंदी 32 मीटरांच्या फार पुढे नेता येत नसे, आणि म्हणून कित्येक दशके मोठी प्रवासी जहाजे या मर्यादेत राहूनच बांधली गेली. एवढ्या रुंदीत दोन्ही कडांना खिडकीवाल्या खोल्यांची एकेक रांग, तिच्या आत एकेक लांबलचक बोळ, आणि त्या दोन बोळांच्या मधोमध जिने व लिफ्ट सोडून जी जागा उरते तिच्यात बसवलेल्या आतल्या खोल्या, अशी साधारण रचना असते. आपल्या जुन्या वाड्यांतून आणि कोकणातल्या घरांतून माजघर नेमके याच जागी असे: पुढे ओटी-पडवी, मागे स्वयंपाकघर आणि परसू, आणि मध्ये ही अंधारी खोली. तिथे भर दुपारीही उजेड बेताचाच. परंतु उन्हाळ्यातला गारवा तिथे, बाळंतिणीची बाज तिथे, आणि रात्री गाढ झोप लागे तीही तिथेच. वारा आणि उजेड हवासा वाटला की माणूस उठून ओटीवर येई. जहाजाची ओटी म्हणजे त्याची उघडी डेके, आणि त्या ओटीवर बसण्याचा हक्क सर्वांत महागड्या दालनातल्या प्रवाशाला जितका, तितकाच आतल्या खोलीतल्या प्रवाशालाही असतो.

खिडकीची एवढी थोरवी आपल्या मनात रुजली तिला जुना इतिहास आहे. बॅलार्ड पिअरवरून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींच्या काळात खोल्यांना वातानुकूलन नव्हते, आणि तांबड्या समुद्रातून जाताना गोल झरोक्यातून येणारी वाऱ्याची झुळूक ही चैन नसून निकडीची गरज होती. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची खोली उन्हापासून त्यातल्या त्यात बचावे, म्हणून धनिक लोक तशी मागणी करीत, त्यांच्या तिकिटांवर त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का मारीत, आणि त्यातूनच आपण ज्याला आज ‘पॉश’ म्हणतो तो शब्द जन्मास आला, अशी एक लोकप्रिय कथा आहे. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर कोणास दाखवता आलेले नाही, तेव्हा व्युत्पत्ती म्हणून ती त्याज्य. पण झरोक्याला त्या काळी केवढे मोल होते ते तीत बरोबर उतरले आहे. आज जहाजभर एकसारखी थंड हवा खेळते. उकाड्याचा प्रश्नच मिटल्यामुळे खिडकीपोटी आपण जी जादा रक्कम मोजतो ती मुख्यतः देखाव्याची किंमत असते, आणि गॅलरीच्या खोलीचे एकूण भाडे कित्येकदा आतल्या खोलीच्या भाड्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत जाते.

बाकी सर्व बाबतींत तफावत फार थोडी. भोजनगृह तेच, नाट्यगृह तेच, पोहण्याचा तलाव तोच. हिशेब करताना मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. छापलेले भाडे बहुधा माणशी असते आणि खोलीत दोघेजण राहणार हे गृहीत धरलेले असते, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याला कित्येकदा जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागते. आणि बंदराचे शुल्क व कर वेगळे लागत असल्यास ते स्वस्त खोली घेतली म्हणून कमी होत नाहीत. 2021 सालापासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागलेले कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 साली फ्रान्समधील सँ-नाझेर येथे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले. त्या पिढीच्या जहाजांवर गॅलऱ्या मुळातच थोड्या, आणि बहुसंख्य प्रवाशांनी खिडकीच्या किंवा आतल्या खोलीत राहावे हाच त्यांच्या बांधणीमागचा हेतू होता. त्या काळी त्यात कोणी कमीपणा मानीत नसे.

परंतु आतली खोली स्वस्त आहे एवढ्यावरच ती डोळे मिटून घेणे हा मोठा प्रमाद होय, आणि तो मी स्वतः केलेला आहे. सिंगापूरहून सुटणाऱ्या एका जहाजावर आम्ही उभयता प्रथम गेलो तेव्हा मी फक्त भाडे पाहिले, नकाशा पाहिला नाही. पहिल्याच पहाटे पाचच्या सुमारास डोक्यावर असा खरखराट सुरू झाला की, कोणी लोखंडी पेट्या फरशीवरून ओढीत आहे असे वाटावे. अर्धा तास तो चालला, थांबला, पुन्हा सुरू झाला. वर जाऊन पाहतो तो आमच्या छतावरच पोहण्याच्या तलावाचे डेक. नोकरवर्ग ते धुऊन काढीत होता आणि शेकडो आरामखुर्च्या ओढून पुन्हा ओळीने मांडीत होता. चार रात्रींच्या त्या सफरीत एकही पहाट आम्हांला झोप अशी मिळाली नाही. दोष त्या माणसांचा नव्हता, ती आपले नेमून दिलेले काम करीत होती. दोष माझ्या निवडीचा होता.

तेव्हापासून तिकीट काढण्यापूर्वी मी जहाजाच्या मजल्यांचा नकाशा मागून घेतो, आणि तो कसा वाचावा हे वाचकांना सांगावेसे वाटते. आपल्याला देऊ केलेली खोली ज्या मजल्यावर आहे त्याचा कागद घेऊन त्याच्या वरचा आणि खालचा मजला त्याच्याशी जुळवून पाहावा. वर खोल्या, खाली खोल्या, डावी-उजवीकडेही खोल्याच, अशी जागा सर्वांत उत्तम. कारण शेजारी झोपलेला असला की आपल्यालाही झोप लागते. वर तलाव किंवा भोजनगृह असेल तर पहाट बिघडते, खाली नाट्यगृह किंवा नाचघर असेल तर मध्यरात्र. लिफ्टच्या अगदी तोंडाशी असलेली खोली टाळावी, मात्र फार दूरचीही घेऊ नये, विशेषतः सोबत गुडघेदुखीचे वडील माणूस असेल तर. हे बोळ डोळ्यांना भासतात त्याहून पुष्कळ लांब असतात. नकाशात मध्येच एखादी कोरी, बिननावाची चौकट दिसली तर तिथे रिकामी जागा आहे असे समजू नये. बहुधा ती सफाई कामगारांची खोली किंवा नोकरवर्गाची वाट असते, आणि तिथल्या दाराची उघडझाप पहाटेपासून चालते. अगदी पुढच्या टोकाला, नाळेजवळ, जहाज बंदरात लागताना नांगराच्या साखळीचा आणि जहाज आडवे सरकवणाऱ्या पंख्यांचा धडधडाट ऐकू येतो, तर अगदी मागे यंत्रांची थरथर जाणवते.

ज्यांना बोट लागते त्यांनी तर जागेची निवड अधिकच काळजीपूर्वक करावी. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून घाट चढलेल्या माणसाला हे निराळे समजावून देण्याची गरज नाही. गाडीचा मध्य जितका स्थिर तितकी तिची टोके अस्थिर. लाटांवर जहाजाची नाळ वर जाते तेव्हा मागची बाजू खाली येते, आणि या दोन टोकांच्या मधला भाग त्यामानाने शांत राहतो. जहाज डावी-उजवीकडे कलते तेव्हाही वरच्या मजल्यांना झोका मोठा बसतो आणि खालच्यांना लहान. म्हणून लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर असलेली जागा पोटाला सर्वांत मानवते, आणि सुदैव असे की स्वस्त आतल्या खोल्या पुष्कळदा तिथेच सापडतात. मात्र एक कबूल केले पाहिजे: बोट लागलेल्या माणसाला दूरच्या क्षितिजरेषेवर नजर स्थिर केल्याने जो आराम पडतो, तो बंद खोलीत मिळत नाही. पोटात ढवळू लागताच अंथरुणात पडून न राहता आवळकाठी किंवा आलेपाक तोंडात टाकून सरळ डेकवर यावे.

दरपत्रकात कधी कधी याहूनही स्वस्त असा एक प्रकार असतो. त्यात आतल्या खोलीची हमी मिळते, पण ती कोणती हे कंपनी मागाहून ठरवते. नशीब असेल तर वरच्या दर्जाची खोलीही पदरात पडते, नसेल तर नाचघराच्या माथ्यावरची. तरण्याताठ्या मुलांनी ही जोखीम खुशाल पत्करावी. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी थोडी जादा रक्कम भरून आपली खोली आपण निवडावी. माझ्या मते या व्यवहारात तेवढे पैसे वाचवू नयेत.

आता अंधाराविषयी. दिवा मालवल्यावर या खोलीत जो अंधार होतो तसा शहरातल्या माणसाने क्वचितच अनुभवलेला असतो. डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. त्या पहिल्या सफरीत पत्नीने मला हलवून विचारले होते, “अहो, उजाडलं का?” आणि मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. घड्याळात साडेआठ झाले होते. काहींना ही झोप अमृतासारखी वाटते, काहींचा जीव गुदमरतो. उपाय साधे आहेत: न्हाणीघराचा दिवा लावून दार बोटभर उघडे ठेवावे, किंवा लहानसा टॉर्च उशाशी असावा. पुष्कळ जहाजांवर नाळेवरच्या कॅमेऱ्यातून दिसणारे दृश्य खोलीतल्या दूरचित्रवाणीवर सतत चालू असते. आवाज बंद करून तेवढे चित्र लावून निजले की पहाटे पडदा राखाडी होतो, मग तांबूस होतो, आणि खिडकीचे काम भागते. याच कल्पनेचा विस्तार करून डिस्ने कंपनीने 2011 साली ‘डिस्ने ड्रीम’ या जहाजावरील आतल्या खोल्यांना कृत्रिम झरोके बसवले, ज्यांच्या पडद्यांवर बाहेरचा समुद्र त्या क्षणी जसा असेल तसा दिसतो. आणि 1999 सालच्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर तर काही आतल्या खोल्यांना खऱ्याच खिडक्या दिल्या, पण त्या समुद्राकडे नव्हे, जहाजाच्या मधोमध असलेल्या बाजारपेठेच्या रस्त्याकडे उघडणाऱ्या.

खोली लहान, पुष्कळदा दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, तेव्हा संसार आटोपशीर मांडावा. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात. भिंती बहुधा पोलादी असल्यामुळे चार चुंबकी आकडे घरून नेले तर पंचे, टोप्या, पिशव्या टांगण्याची तजवीज होते. उदबत्ती, निरांजन आणि इस्त्री यांना आगीच्या भयामुळे सक्त मनाई असते. देवाला हात जोडावयाचे ते डेकवर उगवत्या सूर्यापुढे जोडावेत.

ही खोली कोणी घेऊ नये हेही सांगितले पाहिजे. बंद जागेची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी, आणि दिवसाचा बराच वेळ ज्यांना पडून काढावा लागतो अशा आजारी किंवा अतिवृद्ध माणसांनी, निदान एक खिडकी घ्यावी. नॉर्वेच्या फ्योर्डांतून किंवा अलास्काच्या हिमनद्यांजवळून जाणाऱ्या सफरीत जहाजाचा मार्गच देखणा असतो, तिथे गॅलरीसाठी पैसे साठवून मग जावे. मुंबईहून गोव्यास जाताना मात्र रात्र होते तेव्हा किनारा दूर राहिलेला असतो, आणि गॅलरीतूनही बहुतेक काळोखच दिसतो.

आणि खोलीत पाऊल टाकल्यावर पहिले काम कोणते, तर दारे मोजणे. आतल्या खोलीतून बाहेर पडण्याची वाट एकच, ती या बोळातून. म्हणून सामान ठेवताच दाराबाहेर उभे राहून जवळच्या जिन्यापर्यंत किती दारे लागतात ते मोजावे, उलट बाजूच्या जिन्यापर्यंतचीही मोजावीत, आणि जहाज सुटण्यापूर्वी होणारी सुरक्षेची कवायत कंटाळा न करता पुरी करावी. मुंबईहून गोव्यास जाताना आमच्या खोलीपासून उजवीकडे अकरा दारे होती. वर खोल्या आणि खालीही खोल्याच, त्यामुळे रात्रभर आम्ही निवांत झोपलो. पहाटे पडद्यावर फिकट उजेड दिसू लागला तसा पत्नीला उठवले, शाली घेतल्या, आणि झोपलेल्या बोळातून अकरा दारे मोजीत जिना गाठला. वर डेक ओले होते, खुर्च्या अजून मांडावयाच्या होत्या. पूर्वेकडे किनारा धूसर दिसत होता, आणि कठड्याशी आमच्यापूर्वीच येऊन उभा राहिलेला एक वृद्ध गृहस्थ आम्हांला जागा करून देण्यासाठी थोडा बाजूला सरकला.