पाणी ओसरल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार परिसरात पावसाने जो मुक्काम ठोकला, त्याची आठवण येथील रहिवाशांच्या मनातून अद्याप पुसली गेलेली नाही. नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेतच थांबल्या आणि अडकलेल्या प्रवाशांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले. वसईतील मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली. सुरक्षिततेसाठी अनेक भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. पुढे महानगरपालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करवून घेतला. धारण तलावांची चर्चा झाली, नाल्यांची झाली. ज्या सोपाऱ्याच्या बंदराला एके काळी दूरदेशीची जहाजे लागत, तेथे समुद्र आणि खाडी यांचा विचार न करता वस्ती वाढली की काय होते, हे सर्वांनी पाहिले.

ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु तळमजल्यावरील घरात गुडघाभर पाणी शिरलेल्या कुटुंबापुढे त्या सकाळी निराळाच प्रश्न होता. पाणी ओसरले आहे, फरशीवर चिखलाचा थर आहे, कपाटांची दारे फुगली आहेत. आता पहिले काम कोणते? बहुतेक घरांत तीन गोष्टी एकदम सुरू होतात. कोणी पंखे लावायला धावतो, कोणी बादल्या ओतून घर धुवायला घेते, आणि कोणी भिजलेले सामान रस्त्यावर नेऊन टाकतो. तिन्ही कामे करावयाचीच असतात, पण त्या क्षणी तिन्ही अयोग्य ठरतात. पहिल्यात जिवाला धोका आहे, दुसऱ्यात ओल वाढते आणि तिसऱ्यात नुकसानीचा पुरावा नाहीसा होतो. पाणी घरात असताना जेवढी हानी होते, त्याहून अधिक हानी पुष्कळदा ते गेल्यानंतरच्या दोन दिवसांत होते, आणि ती टाळणे बरेचसे घरच्यांच्या हाती असते.

प्रथम वीज. घरात पाणी असताना किंवा फरशी ओली असताना, पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये. कोरड्या जागेवरून तो बंद करता येत असेल तरच करावा. अन्यथा सोसायटीच्या मीटरच्या खोलीतून जाणकाराकडून पुरवठा तोडून घ्यावा किंवा महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. मीटरची खोलीच पाण्यात असेल तर तिकडे कोणीही जाऊ नये. येथे एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती म्हणजे इन्व्हर्टर. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर त्याच्या बॅटरीवरून घरातील तारांना वीज पुरवीत राहतो; तो स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. पाणी लागलेला फ्रिज, धुलाईयंत्र, मिक्सर ‘चालतो का पाहू’ म्हणून लावून पाहू नये. वायरमनने तपासल्याशिवाय भिंतीतील खालच्या प्लगांतही काही जोडू नये. स्वयंपाकघरात गॅसचा वास येत असल्यास खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

पाण्याबरोबर साप, विंचू घरात येतात, तेही जीव वाचवण्यासाठीच. कपाटाखाली, गादीच्या घडीत हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. साप आढळल्यास दार बंद करून सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या मदतवाहिनीला बोलवावे. घाबरून काठी उचलली जाते तेव्हाच सर्पदंश आणि हिंसा दोन्ही घडण्याचा संभव असतो.

घर सुरक्षित आहे असे ठरले की झाडू हाती घेण्यापूर्वी मोबाईल घ्यावा. प्रत्येक खोलीची, भिंतीवर पाण्याने ठेवलेल्या रेषेची, उघड्या कपाटांची, यंत्रांवरील क्रमांकांच्या पट्ट्यांची छायाचित्रे काढावीत. यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. पुढे विमा कंपनीचा सर्वेक्षक येवो वा तलाठी पंचनाम्यास येवो, ही वीस मिनिटे कामी येतात. शासकीय मदतीचा आधार पंचनामा हाच असतो. म्हणून वसईच्या तहसील कार्यालयाकडे नोंद होईल हे पाहावे आणि पंचनाम्यात आपले घर आले आहे याची खात्री करून घ्यावी.

विम्याबाबत आपल्या समाजात एक विचित्र उदासीनता दिसते. दुकानाचा आणि मालाचा विमा न चुकता उतरवणारी व्यापारी कुटुंबे राहत्या घराला मात्र विम्याविना ठेवतात. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले आहे. पूर, वादळ, जलमय होणे यांबरोबरच पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसानही तीत येते. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतल्यास सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, एवढे संरक्षण आपोआप मिळते. अधिक हवे असल्यास यादी देऊन घेता येते. मात्र छतातून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी हे अपघात नव्हे, दुर्लक्ष होय, असेच विमा कंपनी मानते, आणि ते चुकीचेही नाही.

गृहकर्ज घेतलेल्यांनी तर कर्जाची कागदपत्रे अवश्य काढून पाहावीत. बँकेने कर्ज देतानाच घराचा विमा उतरवून घेतलेला असतो आणि कर्जदाराला त्याचा पत्ताही नसतो, असे अनेकदा घडते. तो विमा पुष्कळदा केवळ बांधकामाचा आणि कर्जाच्या रकमेइतकाच असतो, सामानाचा नसतो. तरीही असलेला हक्क अज्ञानामुळे सोडून देण्याचे कारण नाही. कंपनीला त्याच दिवशी कळवावे, दाव्याचा क्रमांक लिहून ठेवावा. सर्वेक्षक येईपर्यंत सामान हलवू नये हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण नुकसान वाढू न देणे हीदेखील विमाधारकाचीच जबाबदारी असते, हे थोड्यांना ठाऊक असते. म्हणून सडू लागलेली गादी किंवा धान्य ठेवून घेण्याची गरज नाही. छायाचित्रे काढून, ई-मेलने कंपनीला कळवून ते टाकावे. चादरीचा, पडद्याचा एखादा तुकडा नमुन्यादाखल ठेवावा. पाणी उपसण्याच्या, वायरमनच्या, सफाईच्या पावत्या जपाव्यात.

येथून पुढची लढाई ओलीशी असते. ओल्या लाकडावर, कापडावर, कागदावर साधारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. वैद्य तिच्याकडे दम्याचे कारण म्हणून पाहतील. जैन आचारात तर ओलीवर वाढणारी बुरशी ही जीवोत्पत्तीच, आणि एकदा ती झाली की साफसफाईचे प्रत्येक औषध हे हिंसेचे साधन ठरते. चातुर्मासाच्या दिवसांत ज्या घरी डबा उघडतानाही जयणा पाळली जाते, त्या घरी जयणेचा खरा अर्थ बुरशी धरण्यापूर्वी घर कोरडे करणे हाच होय.

पाणी काढताना चिखल पाण्याबरोबरच लोटून द्यावा; तो वाळला की निघत नाही. पलंग, कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढावीत आणि विटांवर ठेवावीत. खालचे खण बाहेर काढावेत, दारे उघडी ठेवावीत. प्लायवूडचे कपाट बाहेरून पुसून बंद केले तर आतून कुजते. गटाराचे पाणी मुरलेल्या कापसाच्या किंवा काथ्याच्या गाद्या वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. पावसाची उघडीप असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. पाऊस चालू असताना मात्र बाहेरची दमट हवा घरात घेण्यात फारसा लाभ नसतो. वीज तपासून झाल्यानंतर पंखे आणि वातानुकूलन यंत्राची हवा कोरडी करण्याची सोय वापरावी.

फरशी साबणाच्या पाण्याने घासून झाल्यावरच निर्जंतुकाचा विचार करावा. ब्लीचिंग पावडर आणि शौचालय साफ करण्याचे आम्ल यांचे मिश्रण कधीही करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात प्राणघातक ठरू शकतो. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असल्यास, लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी त्वरित डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पिण्याच्या पाण्याविषयी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. गाळलेले पाणी वापरण्याची आणि उकाळलेले पाणी पिण्याची परंपरा जैन घरांत आहे आणि अशा वेळी ती मोठा आधार ठरते. परंतु गाळण्याने रोगजंतू जात नाहीत, आणि सोसायटीच्या जमिनीखालील टाकीत गटाराचे किंवा गाड्यांतील तेलाचे पाणी गेले असेल तर उकळण्याने तेल व रसायने जात नाहीत. टाकी पूर्ण उपसून, घासून, क्लोरीनची प्रक्रिया होईपर्यंत ते पाणी स्वयंपाकासही घेऊ नये. वर्षाचे साठवणीचे धान्य भिजले असेल तर वाईट वाटते. तरी ते वाळवून दळण्याचा विचार करू नये.

प्रत्येक वेळी पाणी रस्त्यावरूनच येते असे नाही. वरच्या मजल्यावरील नळ फुटतो, गच्चीवरील टाकी वाहते. अशा वेळी प्रथम पाण्याचा कॉक बंद करावा. म्हणून तो कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, आधीच ठाऊक हवे. पीओपीचे छत फुगून खाली आले असेल तर त्याखाली उभे राहू नये. गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि बाहेरील सामाईक नळवाहिन्यांची गळती यांची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चाने व्हावयाची असते. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातील गळती हा त्या सदस्याचा प्रश्न. भांडण सुरू होण्यापूर्वी गळतीच्या उगमाचे छायाचित्र आणि सचिवांना लेखी पत्र, एवढे करून ठेवले तर शेजारधर्मही टिकतो.

कागदपत्रांची गोष्ट नाजूक आहे. भिजलेले कागद चिकटले असतील तर ओढून सोडवू नयेत, इस्त्री करू नये, लॅमिनेट करू नये. सपाट पसरून, मध्ये कोरे टिपकागद घालून पंख्याखाली सावलीत वाळवावेत. एकदम पुष्कळ ग्रंथ भिजले आणि हाताळणे अशक्य झाले तर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवता येतात, अर्थात कोठे चालू फ्रिज असेल तर; गोठल्यामुळे बुरशी थांबते आणि पुढे एकेक काढून वाळवता येतो. ज्ञानाची आशातना टाळण्याचा हा मार्ग प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल, पण ग्रंथालये तो वापरतात. हस्तलिखित पोथीची शाई मात्र पाण्याने फुटते. तिला धुवू नये, जाणकार संधारकाकडेच द्यावी. सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, भागपत्राची दुय्यम प्रत सोसायटी देते. भिजून फाटलेल्या नोटा कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत, तेथे खाते नसले तरी, नियमांनुसार बदलून मिळतात. सुटू न शकणाऱ्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटांची चवड मात्र शाखा घेत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्यावी लागते. आणि लॉकर म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीने लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँक जबाबदार नसते. तेव्हा त्यातील कागदही जलरोधक पिशवीतच ठेवावेत.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी, सांगली आणि शिरोळ भागात, पुष्कळ घरांत पाणी कित्येक दिवस राहिले. ज्यांची मूळ घरे तिकडे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे की मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहिल्या तरी वाळताना ढासळू शकतात. अशा जुन्या घरात, मग ते कृष्णाकाठचे असो वा वसईच्या वाडीतले, अभियंत्याने पाहिल्याशिवाय झोपायला जाऊ नये.

सिमेंटच्या भिंती ढासळत नाहीत, पण वाळायला काही महिने घेतात. येथे खाडीचे खारट पाणी मिसळलेले असल्यास क्षार बाहेर येत राहतात आणि घाईने दिलेला रंग पापुद्रे होऊन गळतो. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी आतून दवाचे थेंब दिसले तर रंगाऱ्याला दिवाळीनंतर यावयास सांगावे.